स्वयंपाकघरातलं मस्टर

१

चूक मुरलीधर काकांची. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्यात मोठ्यांची चूक सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून, 'त्यांचाही नाइलाज होता' असं म्हणत सांगायची पद्धत आहे. नाइलाज नव्हता. काकांनी जे केलं ते समजून केलं. माझ्या वडिलांना ते नंतर समजलं, आणि त्यांनी चालवून घेतलं.

काका नात्यातले नाहीत. बाबांचे जुने साहेब. दिल्लीत एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झाले आणि गाझियाबादला वैशालीत दोन फ्लॅट घेऊन बसले. तळमजल्यावर स्वतः एकटे राहायचे. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट 'आपल्या मुलांना' द्यायचे. आपली म्हणजे मराठी, शिकणारी, आणि ज्यांच्या बापांना काका ओळखतात अशी. बाबांची बदली पानिपतला, मला कॉलेज मिळालं दिल्लीत. एका फोनमध्ये ठरलं. मला कोणी विचारलं नाही. इकॉनॉमिक्स घ्यायचं, मग यूपीएससी द्यायची, हेही असंच ठरलं होतं.

फ्लॅटमध्ये आम्ही तिघं. विक्रांत माझ्याच वर्गातला. आईवडील आयटीत, गुरुग्रामला, तिथून कॉलेज लांब पडतं म्हणून इथे. धीरज नाशिकचा, जवळच इंजिनिअरिंग करायचा. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. हे सगळ्या दिल्लीकर मराठी लोकांचं असतं. आपल्या माणसाशी कोणी हिंदीत बोलत नाही.

आणि स्वयंपाकघरात, फ्रिजच्या डोक्यावर, काकांचं मस्टर.

२

हिरव्या पुठ्ठ्याचं, लांबलचक रजिस्टर. तारीख, काम, नाव, सही, शेरा. भांडी, पाणी भरणं, केर-कचरा, कुकर लावणं अशी चार कामं. ज्याची पाळी त्यानं काम करून सही करायची. रविवारी सकाळी काका चार मजले चढून यायचे, पंख्याखाली बसायचे आणि लाल पेननं बरोबरच्या खुणा करायचे.

कोणी रजेवर जाणार असेल तर त्याचीही पद्धत होती. सरकारी ऑफिसात एखादा रजेवर गेला की त्याचं टेबल सांभाळायला दुसरा नेमलेला असतो, त्याला लिंक ऑफिसर म्हणतात. तेच काकांनी आमच्या भांड्यांना लावलं होतं. रजा लिहायची, पुढे लिंकचं नाव लिहायचं, परत आलं की 'रुजू' लिहून सही करायची.

"रुजू म्हणजे?" विक्रांतनं पहिल्या दिवशी विचारलं.

"अरे, जॉइनिंग रिपोर्ट," काका म्हणाले. "तो दिल्याशिवाय माणूस आला असं धरत नाहीत. आणि लक्षात ठेवा, टेबल कधी रिकामं राहता कामा नये."

"काका, टेबलच नाहीये आपल्याकडे. आपण खाली बसून जेवतो," धीरज म्हणाला. काका हसले नाहीत.

आम्ही तिघं, आणि मस्टरमध्ये नावं चार. चौथं नाव सुधन्वा. आतल्या खोलीत, जिथे मी झोपायचो, तिथे माझ्या कॉटसमोर आणखी एक कॉट होती. चादर ताणून घातलेली, पायथ्याशी घडी केलेलं ब्लँकेट.

"हा सुधन्वा कधी येणार?" मी विचारलं.

"नाव खोडायचं नाही," काका म्हणाले. माझ्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं.

सुधन्वाची पाळी असायची त्या दिवशी आम्ही काम तसंच टाकून जायचो. संध्याकाळी आलो की भांडी लख्ख, पालथी, लहानमोठ्या क्रमानं लावलेली. सहीच्या रकान्यात बारीक 'सु'. आम्ही धरून चाललो की काका खालून बाईला पाठवतात आणि सही स्वतः ठोकतात. म्हातारी माणसं एकटी राहिली की काहीही करतात.

दोन वर्षं आम्ही असंच धरून चाललो.

३

पाचव्या सेमिस्टरला माझं बिनसलं. मोठं कारण नव्हतं. सकाळी उठून वैशालीहून मेट्रो, राजीव चौकला गर्दीत बदला, विश्वविद्यालयला उतरा, आणि मग चार तास जे मला कधीच नको होतं ते ऐका. एक दिवस उठलो नाही. मग दोन दिवस. ऑक्टोबर संपता संपता माझी हजेरी एकेचाळीस टक्के होती. पंचाहत्तर नसली तर आमच्याकडे परीक्षेला बसू देत नाहीत. मला बसायचं होतं. आवडत नसलं तरी पाच सेमिस्टर वाया घालवायची नव्हती, आणि बाबांना 'बघ, मी म्हणत होतो' म्हणायची संधी तर मुळीच द्यायची नव्हती. फक्त उठवत नव्हतं.

त्याच दिवसांत माझी भांड्यांची पाळीही चुकायला लागली. एका रविवारी काकांनी लाल पेन माझ्या रिकाम्या रकान्यावर टेकवलं.

"काय रे?"

"बरं नाही काका."

"मग रजा लिही. लिंक दे."

"कोणाला देऊ? या दोघांना स्वतःचंच होत नाही."

"सुधन्वाला दे," काका म्हणाले. पेनचं टोपण लावत, अगदी सहज. "तो मोकळाच असतो."

धीरजनं माझ्याकडे बघून भुवई उडवली. मी लिहिलं. गंमत म्हणून लिहिलं. रजा, भांडी, लिंक: सुधन्वा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला मी अंथरुणातच होतो. विक्रांत आणि धीरज कधीच गेले होते. खिडकीत नोव्हेंबरचं धुरकट, पिवळट ऊन. स्वयंपाकघरात नळ सुरू झाला. मग भांडी. आपटाआपट नाही, एकेक भांडं घासून, विसळून, पालथं ठेवल्याचा आवाज. ताट, ताट, वाटी, कुकर. नळ बंद. मग अनवाणी पावलं, ओली, फरशीवर चिकटत सुटत येणारी. ती माझ्या खोलीच्या दारापर्यंत आली आणि थांबली.

बाई असेल, मी मनात म्हटलं. पण बाई थांबेल कशाला? आणि कुलूप आतून होतं. कडी मी स्वतः घातली होती. घातली होती ना? मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा आळस जास्त होता. उठलो असतो तर भांडी मला पुसावी लागली असती.

दारातलं ते जे काही होतं, ते झोपलेल्या माणसाला जाग तर नाही ना हे बघावं इतका वेळ थांबलं. मग गेलं.

४

बारा नोव्हेंबरला बाबांचा फोन आला. कॉलेजनं घरी मेसेज पाठवला होता. एकेचाळीस टक्के.

बाबा ओरडत नाहीत. हळू बोलतात, ते जास्त वाईट.

"तुझ्या जागी दुसरा कोणी असता ना निहार, तर सोनं केलं असतं त्यानं."

"मग आणा दुसरा," मी म्हणालो.

"स्वेटर घालत जा," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांचा प्रत्येक फोन त्या वाक्यावर संपतो. शिव्या घातल्या असतील तरी.

मी स्वयंपाकघरात गेलो, मस्टर ओढलं आणि इतक्या जोरात लिहिलं की मागच्या पानावर उठलं. रजा: ठरलं नाही. काम: सगळं. लिंक: सुधन्वा.

मग आठ-दहा दिवस मी मजेत झोपलो. हे मान्य करतो. कोणी उठवलं नाही, कोणी बोललं नाही. मधेच एकदा धीरज जेवताना थांबला.

"यार, तू काल दोनदा जेवलास."

"मी काल एकदाच जेवलो, नऊला. तोवर झोपलो होतो."

"अबे, माझ्यासमोर बसून जेवलास. सात वाजता. मग नऊला परत ताट घेऊन आलास. मी म्हटलं भूक लागली असेल." तो माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. "आणि सात वाजता तू माझं ताटपण उचललंस. तू कधीपासून ताटं उचलायला लागलास?"

त्या रविवारी धीरजनं सामान बांधलं. एका पीजीत खोली मिळाली म्हणाला. जाताना मस्टरमध्ये त्यानं स्वतःचं नाव खोडलं, तीन रेघा मारून, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तूपण निघ." मी कारण विचारलं नाही. तो गेल्यावर मी मस्टर उघडलं. गेल्या आठवड्यात 'सु' एकदाही नव्हता. रोजच्या रकान्यात सही होती 'निहार'. माझ्या 'र'ची शेपटी मी खाली ओढून डावीकडे वळवतो. इथेही वळवलेली होती.

कॉलेजच्या पोर्टलवर हजेरी बघितली. अठ्ठावन्न. तीन दिवसांनी त्रेसष्ट.

विक्रांत प्रॉक्सी लावतोय, मी ठरवलं. माझ्या मित्रानं माझ्या नावाला 'यस मॅम' म्हटलं. यात गूढ काय आहे? त्याला विचारलं तर तो हसला. "भाई, तू स्वतः येतोयस. पहिल्या बेंचवर बसतोस. नीला मॅम तुझ्या प्रेमात आहेत. नाटक कशाला करतोस?"

माझं घड्याळ सापडत नव्हतं. आयकार्ड सापडत नव्हतं. दोरीवर माझा चौकड्यांचा शर्ट ओला होता, आणि तो मी धुतला नव्हता.

५

आईचा फोन दुपारी आला. आवाजात ऊन पडल्यासारखं.

"पोचलास ना रे नीट? काल डबा दिला त्यातला गाजर हलवा आधी संपव, टिकत नाही."

"कुठला डबा?"

"झोपेत आहेस का? काल नाही का दिला." मग ती हसली. "मी बाबांना म्हटलंसुद्धा, अहो, एवढा मटार सोलून दिला पोरानं, न सांगता. बाबांच्या पायाला तेल चोळलंस. ते काही बोलले नाहीत, पण मला कळतं ना. फार सुखावलेत."

मी फोनमध्ये कॉल बघितले. आईला रोज एक. चौदा मिनिटं, एकवीस मिनिटं. फोन रोज माझ्या उशाशी होता.

"आई," मी म्हटलं, "काल मी आलोच नव्हतो."

मागे कुकरची शिट्टी. मग ती म्हणाली, "असं काय बोलतोस? आता कुठे नीट बोलायला लागला होतास." आणि तिच्या आवाजातलं ऊन गेलं.

तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो. ओल्या पावलांना नाही घाबरलो. आईला तो जास्त आवडतो, याला घाबरलो.

६

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेलो. सगळ्या महिन्यात पहिल्यांदा. मेट्रोत उभ्या उभ्या स्वतःला समजावलं: झोपेत चालायची सवय असेल. थकवा असेल. मी स्वतःच येत असेन आणि विसरत असेन. डॉक्टरकडे जाऊ. हे सगळं मला पटत होतं. राजीव चौकपर्यंत तर पूर्ण पटलं होतं.

वर्ग पहिल्या मजल्यावर. मागच्या दाराला काचेची फट आहे. सकाळचे पावणेदहा, लख्ख ऊन, चाळीस-पन्नास डोकी. नीला मॅम हजेरी घेत होत्या. मी दार ढकललं.

"फोर्टी-फाइव्ह. फोर्टी-सिक्स. फोर्टी-सेव्हन."

सत्तेचाळीस मी. मी तोंड उघडलं.

"यस मॅम."

आवाज पुढून आला. आपला आवाज आपल्याला रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो ना, जरा पातळ, जरा परका, तसा. पहिल्या बेंचवर एक हात वर गेलेला. मनगटावर माझं घड्याळ. अंगात बाबांनी दिलेला करडा स्वेटर, कोपरावर आईनं रफू केलेला. मानेवर केस नीट कापलेले. मी कधी इतके नीट कापत नाही. कान मागून लाल, नुकतंच न्हाल्यासारखा, आणि कानामागे साबणाचा पांढरा फेस राहिलेला. घाईत तयार होणाऱ्या माणसाचा राहतो तसा. किंवा न्हायची सवय सुटलेल्या माणसाचा.

तो वळायला लागला. हळू, आधी खांदा.

मला चेहरा बघायचा नव्हता. मी शेवटच्या बेंचवरच्या विक्रांतचा दंड धरला. "विक्या, विक्या, तो बघ, कोण आहे तो?"

विक्रांतनं माझ्याकडे वर पाहिलं. दोन वर्षं माझ्याशेजारी जेवलेला मुलगा. त्यानं आधी दंड सोडवून घेतला, मग सभ्यपणे, हळू आवाजात म्हणाला,

"भैया, किससे मिलना है?"

७

चार मजले मी पळत चढलो. दार उघडंच होतं. दुपारचे बारा. काका पंख्याखाली बसले होते, पंखा बंद, पुढ्यात मस्टर.

"काका, मला रुजू व्हायचंय."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांनी मला ओळखलं. तोवर ओळखणारे ते एकटेच होते, आणि मला त्यांचा राग येतो तो त्यामुळेच.

"कुठे?"

"कुठे म्हणजे? माझ्या जागेवर."

"जागा भरलेली आहे." त्यांनी पान उलटलं. "बारा नोव्हेंबर. अक्षर कोणाचं?"

"माझं."

"काम काय लिहिलंय?"

"सगळं."

"मी लिहायला लावलं?"

"तुम्हीच म्हणालात तो मोकळाच असतो."

"असायचा," काका म्हणाले. आवाज ऑफिसातलाच होता. "रुजू व्हायला पद रिकामं लागतं, निहार. एका पदावर दोघं कसे घेणार?"

"कोण आहे तो?"

आतल्या खोलीत पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज आला. दार अर्धं लोटलेलं. फरशीवर कॉटच्या कडेला दोन पावलं दिसत होती, टाचा जुळवलेल्या. पाणी निथळून त्यांच्याभोवती छोटं तळं झालं होतं. मी कॉलेजातून निघालो तेव्हा तो वर्गात होता. माझ्या आधी इथे पोचणं शक्य नाही. मी मेट्रोची वेळ मनात मोजत राहिलो, जणू हिशेब जमला तर ती पावलं जातील.

"आवाज करू नकोस," काका म्हणाले. "अभ्यास चाललाय."

मग, माझ्याकडे न बघता: "तुला ती परीक्षा नको होती. त्याला हवी होती, आणि राहून गेली. एकदा बसू दे त्याला."

त्यांनी नवीन पान काढलं. महिना लिहिलेला, नावं लिहिलेली. विक्रांत. निहार. धीरजच्या जागी कोणी अनुराग, पुढच्या महिन्यात येणारा. चौथं नाव तेच, सुधन्वा. काकांनी त्याच्यापुढच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि पेन माझ्याकडे केलं.

"ही जागा रिकामी झालीये. इथे सही कर. राहायला मिळेल. काम फार नसतं."

पलीकडे पान उलटलं. मी पेन घेतलं नाही. हा एकच शहाणपणा मी त्या वर्षात केला.

८

परीक्षेचा पहिला पेपर डिसेंबरात होता. हॉलतिकीट त्याच्याकडे, आयकार्ड त्याच्याकडे. मी मी आहे हे सांगणारी दोनच माणसं उरली होती, आई आणि बाबा. मधले दिवस कुठे काढले ते सांगण्यासारखं नाही. पेपरच्या सकाळी मी पहिल्या गाडीनं पानिपतला गेलो. त्यातलं एक जरी फोनवर म्हणालं असतं की हा आमचा निहार, तरी मी दुपारच्या पेपरला पोचलो असतो. साडेआठला मी आमच्या क्वार्टरची बेल वाजवली.

आईनं दार उघडलं. हाताला कणीक.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघितली.

"हाँ बेटा? किससे मिलना है?"

"आई," मी म्हटलं. "आई, मी."

तिनं मान वाकडी केली, ऐकू न आल्यासारखी, आणि आत वळून मराठीत म्हणाली, "अहो, बघा हो, कोण मुलगा आलाय. मराठी बोलतोय वाटतं."

बाबा आले. चष्मा कपाळावर, हातात वर्तमानपत्र. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लहानपणी शाळेत निघताना बघायचे तसं: आधी केस, मग कॉलर, मग बूट. मग परत चेहरा. त्यांनी चष्मा खाली डोळ्यांवर ओढला.

"बाबा," मी म्हणालो, "फक्त एक फोन करा कॉलेजला."

आत शेल्फवर ताटं पालथी घातली होती. लहानमोठ्या क्रमानं.

"कोणी नाही गं," बाबा आईला म्हणाले. "चुकून आलाय. तू आत जा. निहारचा पेपर आहे आज, देवाशी दिवा लाव."

ती गेली. आम्ही दोघंच उरलो. मला वाटलं आता बोलतील. बाबांनी दाराला हात लावला, हळूच, आवाज होऊ नये म्हणून.

"ठंड है," ते म्हणाले. "स्वेटर पहना करो."

आणि कडी घातली.

त्यांनी मला ओळखलं होतं. ओळखून, दोघांना तोलून, त्यांनी निवड केली.

रोल नंबर सत्तेचाळीस पहिल्या वर्गात पास झाला. माझी पाच सेमिस्टर गेली, नाव गेलं, आणि माझी आई माझ्याशी हिंदीत बोलली.